हँडलवरचा आकडा

४ जानेवारी

लेकीनं सांगितलंय, काळजी तोंडानं बोलायची नाही, वहीत लिहायची. म्हणे घरातल्यांचे कान सुटतील. घरात मी आणि ही, दोघंच. म्हणजे हिचे कान सुटतील. मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचा सगळा जन्म रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर गेला. लिहायचं काम पडलं ते पाळी संपताना दाब मांडण्यापुरतं. चुका होतील, पण वाचणारा मीच आहे.

पहिली काळजी माझं हृदय. गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी आत एक जाळी बसवली. तेव्हापासून मी जिना चढताना मध्येच थांबतो आणि आत काय चाललंय ते ऐकतो. काही ऐकू येत नाही, त्याचीही काळजी वाटते.

दुसरी काळजी अंगणात उभी आहे. हिनं सायकलवाल्याकडून जोडसायकल आणली. दोन सीटा, पायडलच्या दोन जोड्या, पुढे मी, मागे ही. ही नोकरीला टेलिफोनच्या ऑफिसात सायकलने जायची, मी कारखान्याच्या बसने. मी म्हटलं, "मला या वयात हे झेपणार आहे का?" ही म्हणाली, "तुम्ही एकटे घराबाहेर पडत नाही आणि मला एकटीला करमत नाही. मग हीच बरी."

तिसरी काळजी आज पार्सलने आली. लेकीनं छातीला बांधायचे दोन पट्टे आणि दोन घड्याळं पाठवली आहेत. पट्टा ठोके मोजतो आणि घड्याळात आकडा दिसतो. सायकलवाल्यानं घरी येऊन नीट समजावलं. पट्टा ओला करून उघड्या अंगाला घट्ट बांधायचा, सैल असला तर तो मुका राहतो. घड्याळ हँडलवर लावायचं, ते एका वेळी एकाच पट्ट्याचं ऐकतं, जवळपास जो बोलत असेल त्याचं.

ओला पट्टा उघड्या छातीवर घातला की सर्दी ठरलेली. शिवाय घट्ट बांधला तर हृदय आवळलं जाणार, ते आधीच नाजूक. मी तो बनियनवरून बांधायचं ठरवलंय, आत दोन बोटं जातील इतका सैल. एक घड्याळ कपाटात ठेवून दिलं. पहिलं बिघडलं तर हाताशी असावं.

"मग माझा आकडा मी कशात बघू?" हिनं विचारलं.

"तुला कुठे काय झालंय?"

तरी तिनं आपला पट्टा ओला करून, घट्ट बांधून घेतलाच. लेकीनं एवढ्या हौसेनं पाठवलाय म्हणाली.

६ जानेवारी

घड्याळ लहरी निघालं. सकाळी पट्टा बांधून अंगणात सायकलपाशी उभा राहिलो तर नुसत्या दोन रेघा. ठोके नाहीत. मनगट धरून बसलो, तिथेही काही सापडेना. आता घरात जाऊन झोपावं की डॉक्टरीणबाईंना फोन करावा, या विचारात होतो, एवढ्यात ही बुटांचे बंद बांधत बाहेर आली. आणि घड्याळात लगेच आकडा उमटला, अठ्ठ्याहत्तर.

मी म्हटलं, "अगं, तू दिसलीस आणि माझं हृदय सुरू झालं."

हिला इतकं हसू आलं की ती पायरीवरच बसली. माझा आकडा पंच्याण्णववर गेला. या वयात असं होणं चांगलं की वाईट, ते विचारायला हवं.

११ जानेवारी

आज कालव्याच्या रस्त्यानं पहिला लांब फेरा. सपाटीवर बरं चाललं होतं. पुलाचा चढ आला आणि आकडा चढायला लागला. बॉयलरवर काट्यानं लाल रेघेकडे तोंड केलं की आम्ही हवा कमी करायचो, जाळ मंदावला की दाब उतरतो. मी तेच केलं. जोर सोडला, पाय पायडलवर नुसते ठेवले. दोघांची पायडलं एकाच साखळीत आहेत, त्यामुळे पाय फिरत राहतात.

आकडा उतरला नाही. उलट वाढला. जाळ काढला तरी दाब वाढतो, यापेक्षा वाईट बिघाड बॉयलरला नसतो. असं झालं की आम्ही लोकांना बाहेर काढायचो.

मी ब्रेक लावला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. मागे बघतो तर हीच धापा टाकत होती, चेहरा लालबुंद. मी म्हटलं, "तू का एवढी दमलीस? आकडा तर माझा वाढलाय."

"काय माहीत," ही म्हणाली. "आज सायकल फार जड वाटली."

१३ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मागच्या महिन्यात त्यांनी मला पळत्या पट्ट्यावर चालवून तपासलं होतं. तो कागद पुन्हा काढून म्हणाल्या, "काका, तुमचं हृदय उत्तम आहे. खुशाल चढ चढा."

"पण आकडा किती चालेल?"

"आकडा कशाला हवा? चढताना बोलता येतंय तोवर ठीक."

"मी एकटा असताना कुणाशी बोलू? आकडा सांगा."

त्यांनी हिच्याकडे बघितलं, हिनं मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "बरं. एकशेतीसच्या वर गेला तर जरा दमानं घ्या."

बाहेर आल्यावर हिनं खरं काय ते सांगितलं. मार्चमध्ये सायकलवाल्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींची घाटाची फेरी आहे. त्यानंतर घाटरस्ता दुरुस्तीला दोन वर्षं बंद. हिचे वडील त्या घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. लहानपणी ही त्यांचा डबा घेऊन पायी वर जायची. रस्ता तयार झाल्यावर त्यावरून सायकलने वर जायचं तिच्या मनात होतं. मग लग्न झालं, लेक झाली, नोकरी, सासू-सासरे, माझी कळ.

"दोन वर्षांनी आपण कुठे आणि घाट कुठे," ही म्हणाली. "मला या वेळी चढायचाय. एकटीनं नाही."

मी हो म्हटलं. म्हटल्यापासून झोप नीट नाही.

२२ जानेवारी

सायकलवाल्यानं आठवडा आखून दिलाय. बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकंच हळू चालवायचं, एक दिवस पुलाचा चढ पुन्हा पुन्हा चढायचा, दुसऱ्या दिवशी आराम. म्हणतो, हळू चालवण्याचाच हृदयाला जास्त फायदा. जोर सगळे करतात, हळू राहायला माणसाला कमीपणा वाटतो. मला वाटला नाही.

एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. काल बाहेर पडण्याआधी हिला बहिणीचा फोन आला. बहीण काहीतरी रडगाणं सांगत होती. ही सायकलला टेकून ऐकत होती आणि माझा आकडा हळूहळू वर सरकत होता. आज भाजीच्या दुकानात हिनं दुकानदाराला नासक्या टोमॅटोंवरून झापलं. मी दाराशी सायकल धरून शांत उभा, तरी माझे ठोके शंभरावर.

आयुष्यभर मला सगळे म्हणत आले, याला दुसऱ्याचं काही लागत नाही, हा आपल्यातच. लेकसुद्धा म्हणायची. आता पुरावा हँडलवर आहे. हिला जरा काही झालं की माझं हृदय धावतं. मी हे हिला सांगितलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आकडा तेव्हाही हलला.

३ फेब्रुवारी

सुधारणा आहे. पुलाच्या ज्या चढावर आकडा सव्वाशेच्या पुढे जायचा तिथे आता एकशेदहावर भागतं. सायकलवाला म्हणाला, "काका, छान. हृदयाची ताकद वाढली की तेच काम कमी ठोक्यांत होतं."

मी लेकीला फोन करून सांगितलं. शेजाऱ्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं. हिला पुन्हा सांगितलं.

हिच्या पोटऱ्या मात्र लाकडासारख्या टणक झाल्यात आणि भूक दुप्पट. काल तिनं माझ्या ताटातलंही खाल्लं. मला विशेष भूक नाही, पायही दुखत नाहीत. सुधारणा कशी बिनबोभाट व्हावी त्याचा मी नमुना आहे.

९ फेब्रुवारी

आज वाईट दिवस. घाटाच्या पायथ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चढून बघायचं ठरलं होतं. टाकी म्हणजे साधारण निम्मा घाट. पहिल्याच वळणावर आकडा वर निघाला. मी जोर सोडला. तो आणखी वर निघाला. एकशेपस्तीस. मी ब्रेक लावला.

"अहो, थोडंच राहिलंय टाकीला," ही मागून म्हणाली. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"आकडा बघ."

"मला आकडा दिसत नाही. मला तुमची पाठ दिसते."

मी सायकल वळवली. परतताना हिनं तोंडातून शब्द काढला नाही. आकडा उतारावर छान खाली आला, पण त्याचा आनंद कुणाला सांगणार.

दुपारी पडलो होतो. ही स्वयंपाकघरातून बहिणीशी बोलत होती, ते ऐकू आलं. "नाही जमणार गं. त्यांना भीती वाटते. जबरदस्ती कशी करू?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

१६ फेब्रुवारी

हिला काय झालंय कळत नाही.

सकाळी फेऱ्यासाठी दोघं तयार होऊन बसलो होतो. घड्याळ माझ्या हातात होतं, मी काच पुसत होतो. ही चहाचे कप आत ठेवायला जिना चढून गेली, घाईनं खाली आली, आणि माझ्या खांद्यावरून घड्याळात बघत उभी राहिली. मग परत गेली, परत आली, परत बघितलं. म्हणाली, "तुम्ही बसूनच आहात ना?"

"बसूनच आहे."

"मग आकडा का वाढला?"

"तोच तर माझा आजार आहे. तुला आज कळतंय?"

मग ती अंगणाच्या मध्यभागी गेली आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. सदुसष्ट वर्षांची बाई. शेजारी गॅलरीतून बघत होता. मी म्हटलं, "अगं, पडशील." माझे ठोके चिंतेनं एकशेवीसवर गेले. ती थांबली, डोळे मिटून सावकाश श्वास घेत उभी राहिली. मला धीर आला, आकडा उतरला. ते बघून ती रुमाल तोंडात कोंबून आत पळाली.

आतून डॉक्टरीणबाईंना फोन केला. दार लावून. बोलणं ऐकू आलं नाही, हसणं ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या. ही म्हणाली, "म्हणाल्या, यांना चढवा."

२४ फेब्रुवारी

चमत्कार म्हणायला हरकत नाही.

आठवडाभर ही सायकलवर अगदी गप्प आणि शांत बसते. पूर्वी मागून धापा ऐकू यायच्या, त्या बंद. आणि माझा आकडा असा काही ताब्यात आलाय की आकडा वाढायला लागला असं वाटावं तोच तो खाली येतो. खाली आला की मला जोर चढतो. शंभर दिसला की मी आत्ता झाडसुद्धा उपटेन असं वाटतं. मी पाय मारतो. मारत राहतो. सायकल पूर्वीपेक्षा जड वाटते खरी, पण आकडा शंभर म्हटल्यावर माणसानं तक्रार काय करायची?

आज टाकीपर्यंत पोचलो. न थांबता. टाकीपाशी मी घामानं भिजलेला, मांड्या थरथरत होत्या, तोंडातून शब्द फुटेना. घड्याळात ब्याण्णव.

"बघ," मी कसंबसं म्हटलं. "ब्याण्णव."

"बघितलं," ही म्हणाली. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं."

घरी येऊन मी तिच्या ताटातलं खाल्लं.

१५ मार्च

उद्या फेरी. काळज्या अशा. टायर पंक्चर होईल. माझा पट्टा सुटेल. इतर लोक तरुण आहेत, आम्ही वाटेत अडथळा होऊ. टाकीच्या पुढचा चढ अजून पाहिलेला नाही. तिथे आकडा गेला तर ब्रेक लावावा लागेल, आणि मग ही पुन्हा गप्प होईल. तो गप्पपणा मला या सगळ्या काळज्यांपेक्षा नको आहे.

हिनं दोन्ही सीटा फडक्यानं पुसून ठेवल्या. माझ्याआधी झोपली, आणि घोरतेय.

१६ मार्च

दुपार आहे. जेवून लगेच लिहितोय, नाहीतर उद्या माझाच यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी पायथ्याशी पंधरा-वीस सायकली होत्या. सायकलवाल्यानं आम्हाला सगळ्यांच्या आधी सोडलं, म्हणजे मागून माणसं येत राहतील आणि सोबत होईल. टाकीपर्यंत गेल्या आठवड्यांसारखंच छान गेलं. टाकी ओलांडली आणि ही मागून बोलायला लागली. इथे वडिलांच्या हाताखालची माणसं खडी फोडायची. इथे रोलर उभा असायचा. ती बोलत गेली आणि आकडा वाढत गेला. एकशेवीस. पंचवीस.

"अगं, जुनं काढू नकोस. मला त्रास होतोय," मी म्हटलं.

ती लगेच गप्प झाली, पण आकडा ऐकेना. वरची खिंड दिसायला लागली होती. एकशेएकतीस. माझा हात ब्रेककडे गेला.

"ब्रेक लावू नका," ही म्हणाली.

"आकडा."

"एक मिनिट थांबा. लावू नका." मागे काहीतरी खुडबूड झाली. सायकल जरा हेलकावली. आणि घड्याळातला आकडा गेला. दोन रेघा.

मी आजवर बऱ्याच गोष्टींना घाबरलो, पण अशी भीती पहिल्यांदा. "अगं, ठोके थांबले."

"थांबले असते तर तुम्ही सांगायला उरला असतात का? पाय मारा."

पाय फिरत होते, ते मला दिसत होतं. मेलेला माणूस घाट चढतोय.

"ऐका," ही म्हणाली. "पट्टा मी काढलाय. माझा. तो आकडा माझा होता."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचा पट्टा बनियनवर लोंबतोय, तो कधी बोललाच नाही. मला गेल्या महिन्यात कळलं, त्या उड्या मारल्या तेव्हा."

मला एकदम सगळं समजलं असं नाही. चढावर एका वेळी एकच गोष्ट समजते. "आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पट्टा नीट बांधून स्वतःचा आकडा बघत बसला असतात. मी मागे पाय ढिले सोडले की आकडा उतरायचा आणि तुम्ही सुटायचात. चार आठवडे मी मागे बसून हवा खातेय. डॉक्टरीणबाईंना विचारून केलं. त्या म्हणाल्या, यांचं हृदय ठणठणीत आहे, भीती तेवढी उतरवा."

"म्हणजे टाकीपर्यंत..."

"तुम्ही मला ओढून नेलंत."

"आणि त्याआधी? पुलावर?"

"त्याआधी मी तुम्हाला."

मला इतका राग आला की मी उभा राहून पाय मारायला लागलो. सीटवरून उठून. हे मी कधी केलं नव्हतं, सायकलवाल्यानं मनाई केली होती. मी तिला वाट्टेल ते बोललो. फसवणूक म्हणालो, लबाड म्हणालो, लेकीला सांगेन म्हणालो. ही मागून म्हणाली, "बोला, बोला. बोलता येतंय ना? मग चाललंय ते ठीक चाललंय." आणि आता तीही जोर लावत होती. दोघांनी मिळून एकदम जोर लावल्यावर सायकल कशी चालते ते मला आज पहिल्यांदा कळलं. इतके दिवस आम्ही आळीपाळीनं एकमेकांना वाहत होतो.

शेवटचं वळण कधी गेलं ते रागात समजलंच नाही. रस्ता सपाट झाला आणि पुढे पलीकडचा मुलूख दिसला, शेतं, एक तळं, लांब कुठेतरी धूर. ही उतरली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि बूट काढून डांबरावर अनवाणी चालून आली. रडत होती की हसत होती ते मी बघितलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

मग तिनं बाटलीतलं पाणी माझ्या पट्ट्यावर ओतलं, बनियन वर करायला लावलं आणि पट्टा करकचून आवळला. गार पाण्यानं मी ओरडलो. घड्याळात आकडा आला, माझा, पहिल्यांदाच. एकशेअठरा. बघता बघता शंभर, मग नव्वद. एखाद्या समजूतदार माणसासारखा पायरी पायरीनं खाली उतरला. एवढं साधं हृदय घेऊन मी वर्षभर अंग चोरून बसलो होतो. आणि दोन महिने डोळ्यांत तेल घालून जे जपलं ते हिचं. मी हे हिला म्हटलं. ती म्हणाली, "मग काय झालं? कुणाचं तरी जपलंत."

मागची मंडळी आली. सायकलवाल्यानं विचारलं, "काका, आकडा किती?"

ही म्हणाली, "कुणाचा?" आणि दोघी-तिघींना सगळं सांगितलं. त्या घाटात अजून हसत असतील.

उतरायची वेळ आली तेव्हा हिनं सायकलवाल्याकडून पाना घेतला आणि पुढची सीट स्वतःच्या मापाला लावायला लागली.

"हे काय?"

"उतारावर मी पुढे. वडिलांचा रस्ता आहे, वळणं मला पाठ आहेत."

मागच्या सीटवर ब्रेक नसतो. हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला. घड्याळही पुढेच. समोर फक्त हिची पाठ आणि वाऱ्यानं फुगलेला सदरा. पहिल्या वळणाला मी हळू म्हणालो. दुसऱ्या वळणाला पुन्हा म्हणणार होतो, पण तिनं सायकल अशी अलगद कलती केली की मीही आपोआप तिच्याबरोबर कललो. त्यानंतर म्हणायचं राहूनच गेलं. टाकी कधी गेली कळलं नाही. मी ओरडत होतो म्हणे. सायकलवाला म्हणतो, गात होतो.

पायथ्याशी ती थांबली, एक पाय जमिनीवर टेकून मागे वळली. "घाबरलात?"

"हो," मी म्हटलं. "रस्ता बंद कधी होणार?"

"उद्या सकाळी."

आम्ही दोघांनी वर बघितलं. दहासुद्धा वाजले नव्हते. ही सीटवरून उतरलीच नाही, तिथल्या तिथे सायकलचं तोंड वळवायला लागली. मी मागून ढकलायला खाली उतरलो आणि पुन्हा चढून बसलो.